जुलैत नव्हे, मार्चमध्ये या: म्हादईच्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
म्हादई ‘प्रवाह’ प्राधिकरण, पणजी.

सन्माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

म्हादईच्या पाणीवाटपाचा निकाल अमलात आणण्यासाठी केंद्राने आपले प्राधिकरण नेमले. जुलै 2024 मध्ये आपले पथक म्हादई खोऱ्याची पाहणी करत गोव्याहून आमच्या कणकुंबीपर्यंत आले होते. पाहणी झाली, सुनावणी मात्र राहिली. तीच मागण्यासाठी हे पत्र. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा, जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यातला शेतकरी. भात, नाचणा आणि थोडे काजू एवढाच पसारा. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही नद्या आमच्याच तालुक्यात उगम पावतात. एक पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथे तिची मांडवी होते. दुसरी कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळून निघून पूर्वेला जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. एका नदीचे पाणी दुसरीत वळवायचे की नाही, यावर तीन राज्ये भांडत आहेत. ज्यांच्या डोंगरातून ते वळवायचे, त्या गावांचे म्हणणे आजवर कुठल्याही दप्तरात पक्षकाराचे म्हणणे म्हणून नोंदलेले नाही.

हा कुणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही, कायद्याची घडणच तशी आहे. 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याखाली तक्रार करायची ती राज्य सरकारने, उत्तर द्यायचे तेही राज्य सरकारनेच. एकदा लवाद बसला की कलम 11 नुसार तो वाद इतर न्यायालयांत चालत नाही. म्हादईचा लवाद नोव्हेंबर 2010 मध्ये नेमला गेला, न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ त्याचे अध्यक्ष होते. 14 ऑगस्ट 2018 ला निकाल आला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तो राजपत्रात छापून झाला. 75 टक्के भरवशाचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे हमखास मिळणारे पाणी 188.06 टीएमसी (अब्ज घनफूट) धरले गेले. त्यातून कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातले 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवायचे आहे, कळसा नाल्यातून 1.72 आणि नेरसे गावाजवळच्या बंडुरा नाल्यातून 2.18. निकाल तिन्ही राज्यांना पटला नाही, तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. या साऱ्या वर्षांत आमची गावे ‘कर्नाटक’ या एका शब्दात सामावली गेली. खोऱ्याच्या 2032 चौरस किलोमीटरपैकी कर्नाटकात 375 येतात आणि त्यातला मोठा भाग आमच्या खानापूर तालुक्यात आहे. बेंगळुरूच्या वकिलांनी राज्याची बाजू जीव तोडून मांडली असेल. पण पारवाडच्या विहिरीचे काय, चिखल्याच्या ओहोळाचे काय, हा राज्याच्या बाजूचा भाग कधीच नव्हता. राज्याला पाणी खाली न्यायचे आहे. आमचे म्हणणे त्याच्या म्हणण्याच्या आड येते, मग ते त्याच्याच तोंडून कसे येणार?

लवादात जागा नसेल, तर निदान प्रकल्पाच्या मंजुरीच्या वेळी तरी गावाला विचारले जाईल असे आम्हाला वाटत होते. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कळवले की ही पिण्याच्या पाण्याची योजना आहे, तिला पर्यावरण मंजुरीची गरज नाही. गोव्याने गदारोळ केला, डिसेंबरात ते पत्र स्थगित झाले, पुढे पुन्हा खुलासे निघाले. आमच्यासाठी त्यातली एकच गोष्ट मोलाची होती. पर्यावरण मंजुरी लागत नाही म्हटले की त्यासोबत येणारी जनसुनावणीही गेली. जिल्हाधिकारी मंडपात बसतात, माईक असतो, म्हातारीकोतारी उठून आपले गाऱ्हाणे सांगतात आणि ते लिहून घ्यावेच लागते, अशी ती एकच सभा. ती आमच्या वाट्याला आलीच नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखड्याला मान्यता दिली, ती बातमीसुद्धा आम्हाला वर्तमानपत्रातून कळली.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची. 2006 च्या त्या कायद्याचे कलम 5 ग्रामसभेला आपल्या भोवतालचे पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. जंगल दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असे पर्यावरण मंत्रालयानेच ऑगस्ट 2009 मध्ये राज्यांना कळवले होते. 2013 मध्ये नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि ओडिशातल्या त्या बाराही गावसभांनी खाणीला नकार दिला. 2022 च्या नव्या नियमांनी मात्र हे ओझे केंद्राच्या खांद्यावरून काढून राज्यावर टाकले. म्हणजे ज्या राज्याला पाणी वळवायचे आहे त्यानेच, वरची मंजुरी हातात आल्यावर, गावाचे हक्क निकाली निघाले की नाही ते बघायचे. आमच्यासारख्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. जुने कागद मुंबई इलाख्याच्या काळातले, काही मोडी लिपीतले. मोडी वाचणारा माणूस शोधण्यातच आमच्या वाडीचा एक उन्हाळा गेला. सामूहिक दावा दाखल केला, तो कचेरीत पडून आहे. दाव्यांचा निकाल नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून विचारायचे कारण नाही, अशी आमची कोंडी झाली आहे.

आता पाण्याविषयी. कागदावर टीएमसी असतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर, वर्षभराचे मिळून. आमच्याकडे चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैत कळसा नाला पाहणाऱ्याला वाटणारच, एवढे पाणी समुद्राला जाते, त्यातले थोडे घेतले तर कुणाचे काय बिघडले? आमचे जगणे ज्या पाण्यावर आहे ते हे नव्हे. ते फेब्रुवारी ते मे या काळात सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट खडकाळ माथ्याच्या पोटातून झिरपणारे पाणी. कणकुंबी-चोर्ल्याचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र, तो पावसाळ्यात पाणी पितो. खाली घट्ट थर लागला की ते आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. आमच्या विहिरी, ओहोळ आणि जनावरांचे पाणवठे याच झऱ्यांवर चालतात. अशा माथ्यातून खोल चर मारला, की झऱ्याकडे निघालेले पाणी त्या चरात उतरते. कळशाच्या कालव्याचे खोदकाम 2006 मध्ये सुरू झाले. कालव्याच्या आसपासच्या बायाबापड्यांना विचारा, त्या विहीर न विहीर बोट दाखवून सांगतील, कुठली आता मार्चातच तळाला जाते आणि कुठे घागर बुडायला पोहऱ्याने आधी पाणी गोळा करावे लागते. हे सगळे कालव्यानेच झाले की पाऊसमान बदलल्याने, हे मी ठामपणे सांगणार नाही. मोजूनच ते कळेल, आणि मोजायला कुणी आलेले नाही. एवढ्या मोठ्या पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात पाण्याला मैलभर जावे लागते, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही.

सुधारित आराखड्यात कालव्याऐवजी पंप लावून, नळांतून पाणी उचलायचे ठरले आहे, त्यामुळे जंगलही कमी जाणार, असे सांगतात. आधीपेक्षा ते बरे असेलही. पण उचल कोणत्या महिन्यात, नाल्यात किती धार राहिल्यावर पंप बंद होणार आणि तो बंद झाला की नाही हे कोण बघणार? या तीन प्रश्नांची उत्तरे कणकुंबीच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवीत.

आमच्याकडे पाण्याची भांडणे कशी मिटवतात तेही सांगतो, कारण त्यातून मला मागायचे आहे ते नेमके सांगता येईल. पावसाळा सरला की ओहोळावर दगडमातीचा बांध घालतात, घरटी एक माणूस. बांधावरून पाट निघतो आणि त्यावर उन्हाळी मिरची, भाजी, कुठे थोडा ऊस होतो. पाळ्या देवळात पंचांसमोर ठरतात. शेपटाकडच्या शेताला पहिली पाळी, कारण पाणी आटले की आधी त्याचे तोंड कोरडे पडते. ज्याच्या रानातून पाट जातो तो बैठकीला नसेल, तर बैठक पुढे ढकलतात. एका वर्षी खालच्या वाडीला पाणीच पोहोचेना. वरची वाडी रात्री पाट फोडते असा संशय आला आणि एका रात्री कुणीतरी बांधच उसवला. हातघाईवर आले होते. पंचांनी दंड ठोठावायच्या आधी दोन्ही वाड्यांची चार-चार माणसे घेऊन बांधापासून शेपटापर्यंत पाट चालून पाहिला. खेकड्यांनी पाटाच्या कुशीला बिळे पाडली होती, पाणी त्यातून नाल्यात परत जात होते. चोर कुणीच नव्हता. तेव्हापासून हंगामाची पहिली पाळी सोडण्याआधी दोन्ही वाड्यांची माणसे एकत्र पाट चालतात. एकट्याने मोजलेले पाणी आमच्याकडे कुणी धरत नाही.

म्हादईत नेमके हेच झालेले नाही. गोवा आपले आकडे मांडतो, कर्नाटक आपले. उगमाच्या गावांत पाण्याची धार बाराही महिने मोजणारी, गावकऱ्यांना दिसणारी आणि दोन्ही राज्यांनी मानलेली एकही नोंद आमच्या पाहण्यात नाही. नोंदच नाही म्हटल्यावर वाद फौजदारीसारखा चालतो, जो तो दुसऱ्याला चोर ठरवतो.

नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे इथेच लिहून ठेवतो. मलप्रभेवर नविलुतीर्थाचे धरण झाले तेव्हा त्यांना पाण्याचे वचन मिळाले. पुरते पाणी आले नाही आणि पाण्याने जमीन सुधारली म्हणून घ्यायचा सुधारणा कर मात्र आला. जुलै 1980 मध्ये त्या भागात झालेला उठाव कर्नाटक विसरलेला नाही. 2015 पासून ते नरगुंदला धरणे धरून बसले. 27 जुलै 2016 ला लवादाने कर्नाटकाचा अंतरिम अर्ज फेटाळल्यावर नवलगुंदच्या यमनूरला पोलिसांनी घराघरांत शिरून केलेली मारहाण आम्हीही टीव्हीवर पाहिली. ती आमच्यासारखीच माणसे आहेत, तहानलेली. हुबळी-धारवाडलाही पाणी लागते. पण त्याच मलप्रभेला ऑगस्ट 2019 मध्ये असा पूर आला की खानापुरात नदीकाठ बुडाला आणि धरणाखाली रामदुर्गच्या घरांत पाणी शिरले. खोरे कोरडे आहे एवढेच म्हणून भागत नाही. पडलेले पाणी आम्ही कसे धरतो, मलप्रभेच्या काठाने कोणती पिके वाढली, शहरांच्या नळांत गळती किती, हेही त्याच टेबलावर यायला हवे. गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या लोकांची काळजीही खरी आहे. नदी उन्हाळ्यात रोडावली की भरतीचे खारे पाणी आत चढते. हे समजायला गोव्याचे असावे लागत नाही.

आमच्या भागात कुठलाही प्रश्न आला की तो भाषेच्या खुंटीला टांगायची सवय सगळ्यांनाच लागली आहे. आम्ही कालव्याविषयी बोललो की बेळगावात कुणी म्हणते, हे मराठी आहेत म्हणून आडवे येतात. पलीकडून कुणी सहानुभूती दाखवते, तीही आम्ही मराठी आहोत म्हणून. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल माझे मत ठाम आहे, पण ते या पत्रात आणणार नाही. पाण्याला ती खुंटी लागू पडत नाही. दूधगंगेचे पाणी सुळकूडहून इचलकरंजीला न्यायचे ठरले तेव्हा कागलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. कागल आणि इचलकरंजी, एकच जिल्हा आणि एकच भाषा. त्याच वेळी निपाणी-चिक्कोडीकडच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनीही विरोध केला, त्यांत मराठी होते तसे कन्नडही. कृष्णेचेही तेच. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोळ बुडाले तसे अथणी आणि कागवाडही बुडाले, पाण्याने कुणाची भाषा विचारली नाही.

आणि राज्यांना एकत्र बसायचे असले की ती बसतात. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून सांगली-कोल्हापुरात संताप होता. जुलै 2020 मध्ये दोन्ही राज्यांचे जलसंपदा मंत्री मुंबईत भेटले. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे मंत्री बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. धरणात किती येते आणि किती सोडले जाते, याची माहिती दोन्हीकडचे अभियंते पावसाळ्यात एकमेकांना कळवू लागले. अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 करायचा वाद त्याने मिटला नाही, तो आजही धुमसतो आहे. पण पाणी सोडण्याच्या वेळी फोन उचलला जातो, हेही काही थोडे नाही. म्हादईत हा फोन अजून जोडला गेलेला नाही, आणि तो जोडण्यासाठीच तर आपले प्राधिकरण आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली तेव्हा त्याच्या नावात कल्याण आणि सलोखा हे शब्द मुद्दाम घातले गेले, असे आम्ही वाचले. त्या शब्दांवर आम्ही विश्वास ठेवून आहोत.

म्हणून विनंती अशी. वनजमिनीची पुढची कुठलीही मंजुरी मिळण्याआधी उगमाकडच्या गावांची सुनावणी कणकुंबीत घ्यावी. कणकुंबी, पारवाड, चिखले, आमटे, चोर्ला, आमगाव, देगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, नेरसे, हेम्माडगा. ही सगळी गावे एका दिवसात बोलू शकतात, आम्ही फार बोलणारी माणसे नाही. अशी सुनावणी घेणे आपल्या अधिकारात बसत नसेल, तर तिन्ही राज्यांना तशी शिफारस करावी आणि आपला एक सदस्य तिथे ऐकायला बसवावा. सुनावणीचे आणि आराखड्याचे कागद मराठीतही मिळावेत. ज्या भागात 15 टक्के किंवा त्याहून अधिक लोक एखादी भाषा बोलतात तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे केंद्राचेच जुने धोरण आहे, आणि आमच्या या पट्ट्यात तर घरोघरी मराठीच आहे. कन्नडही असू द्या, आमची मुले ती वाचतात. न समजणाऱ्या कागदावर सही मागू नये, एवढेच.

धार मोजण्याचे काम गावांना सोबत घेऊन करावे. नाल्यावर पट्टी बसवणे अवघड नाही, रोज सकाळी ती वाचायला गावातली शिकलेली पोर-पोरी तयार आहेत. गोव्याचा एक आणि कर्नाटकाचा एक अभियंता महिन्यातून एकदा येऊन वही तपासू दे. दोन उन्हाळे अशी नोंद झाली तर निम्मी भांडणे आपोआप कमी होतील, असे मला मनापासून वाटते. जी उरतील ती निदान खऱ्या आकड्यांवर होतील.

वनहक्काचे दावे आधी निकाली काढायला राज्याला सांगावे. आणि भीमगडच्या पुनर्वसनाची सांगड पाण्याच्या योजनेशी घालू नये. 2011 मध्ये 190.42 चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य झाले, तेव्हापासून आतल्या गावांना रस्ता नाही, वीज नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला डोली करून जंगलातून बाहेर आणावे लागते. अशा हालांना कंटाळून काही कुटुंबे पैसे घेऊन बाहेर पडायला तयार होतात, काहींना मरेपर्यंत तिथेच राहायचे आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. पण उगमाला माणूसच उरला नाही की पाण्याला विचारणारेही कुणी उरणार नाही, ही भीती आमच्या पोटात आहे आणि ती आपल्या कानावर घालणे मला गरजेचे वाटते. पश्चिम घाटाचे निर्णय गावसभेतून वर जावेत, असे 2011 मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीने लिहिले होते. आम्हाला तेवढेही नको. वरून येणारा निर्णय वाटेत एकदा गावसभेत थांबावा.

या वेळी जुलैत येऊ नका, मार्चमध्ये या. सुगी आटोपलेली असते, वाटा कोरड्या असतात, आणि नाला खरा किती आहे ते तेव्हाच दिसते. सकाळी आमच्या माणसांबरोबर कळशापासून पारवाडपर्यंत चालून पाहा, मग सभेला बसा. नोटीस पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि देवळातही सांगायला लावावी, कारण आतल्या गावांत मोबाइलला रेंज नसते. आमगाव, देगाव, गवाळी इथली माणसे जंगलातून चालत येतात. म्हणून सभा अकराच्या आधी सुरू करू नये आणि तीनच्या आत संपवावी, संध्याकाळी त्या वाटेवर अस्वले असतात.

आपला नम्र,
जांबोटी-कणकुंबी भागातील एक शेतकरी
ता. खानापूर, जि. बेळगाव